तक्त्याची शेवटची ओळ

आमच्या गल्लीतले चष्मेवाले लहान मुलांचे डोळे तपासताना मुलाकडे बघत नाहीत. मुलाला खुर्चीवर बसवतात, एका डोळ्यावर झाकण लावतात आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहतात, शिक्षा झालेल्या पोरासारखे. "वाच," म्हणतात. मूल वाचतं. शेवटपर्यंत वाचलं तरी शाबासकी नाही, मधेच अडलं तरी हूं की चूं नाही. मग म्हणतात, "आता हीच ओळ उजवीकडून वाच." आया माझ्या दुकानात येऊन कुरकुर करतात, की माणूस कामाला चोख आहे पण फार तुसडा झालाय. मी म्हणते, असेल. आणि झेरॉक्सचं झाकण जरा जोरात आपटते.

मी त्यांची शेजारीण. झेरॉक्स, लॅमिनेशन, फॉर्म भरून मिळतील, फोटो तीन मिनिटांत. दोन दुकानांच्या मधे प्लायवूडची एक भिंत आहे, आणि तीही छतापर्यंत पोचत नाही. वर हातभर जागा सोडलीय, कारण ज्याने हा गाळा दोघांत वाटला त्याला एकाच ट्यूबलाइटमध्ये दोन्ही दुकानं उजळवायची होती. त्यामुळे उजेड दोघांत, धूळ दोघांत आणि बोलणंही दोघांत. वीस-बावीस वर्षांत मी त्या माणसाला जितकं ऐकलंय तितकं पाहिलेलं नाही. भिंगांच्या पेटीचं झाकण, काच घासायच्या चाकाची घरघर, आणि दिवसातून पन्नास वेळा तोच प्रश्न: "आधीचं बरं की आत्ताचं? आधीचं... की आत्ताचं?" गिऱ्हाईक गोंधळून म्हणतं, "दोन्ही सारखंच वाटतंय." मग ते समाधानाने म्हणतात, "सारखंच ना? मग झालं. तोच तुमचा नंबर."

गाळा दहा फूट लांब. डोळे तपासायला वीस फूट लागतात. म्हणून त्यांनी सगळे चष्मेवाले करतात तेच केलं होतं: अक्षरांचा तक्ता खुर्चीच्या मागच्या भिंतीवर उलटा छापलेला, आणि समोरच्या भिंतीवर आरसा. गिऱ्हाईक आरशात बघतं, तिथे अक्षरं सुलटी दिसतात, आणि दहाचे वीस फूट होतात. खुर्चीशेजारी उभे असलेले चष्मेवालेही आरशात दिसतात, तक्त्याच्या अगदी बाजूला. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे सगळं त्या आरशावरच आहे.

त्यांची मुलगी सहा वर्षांची असताना तिची आई गेली. चार दिवसांचा ताप, बस्स. दहाव्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं आणि मुलीला बरोबर आणलं, कारण घरी ठेवणार कोणाजवळ? तेव्हापासून ती शाळा सुटली की दुकानात. आरशाखाली एक स्टूल होतं, त्यावर बसून अभ्यास करायची. डोळ्यांसमोर दिवसभर तो उलटा तक्ता. परिणाम व्हायचा तोच झाला. पहिलीच्या बाईंनी चष्मेवाल्यांना बोलावून घेतलं, की तुमची मुलगी हुशार आहे पण निम्मी अक्षरं उलटी का काढते? ते परत आले आणि स्टूल आरशाखालून उचलून खुर्चीजवळ ठेवलं, तक्त्याकडे पाठ आणि आरशाकडे तोंड. ते तर आणखीच बरं झालं. महिन्याभरात तिला तक्ता वरपासून खालपर्यंत तोंडपाठ. माझ्या दुकानासमोर दोरीवरच्या उड्या मारताना बाकीच्या मुली आकडे मोजायच्या, ही शेवटची ओळ म्हणायची. "त, ग, प, न, र, म, ल, क!" आणि क वर दोन्ही पाय धाडकन आपटायची. मला हसू यायचं. आम्हा सगळ्यांनाच यायचं, चूक आमच्या डोळ्यांसमोर उड्या मारत होती आणि आम्ही कौतुक करत होतो.

उंच वाढली. बारीक आणि सरळसोट. मी तिचं नाव फुटपट्टी ठेवलं, आणि गल्लीने ते उचललं.

आई गेल्यानंतरचं ते वर्ष चष्मेवाले हसले नाहीत. मी सांगते ना, मला ऐकू येतं. गिऱ्हाइकाशी कामापुरतं, मुलीशी "जेवलीस का, लिहिलंस का", मग चाकाची घरघर. कधी कधी चाक नुसतंच फिरायचं, काच न लावता. मीही एकटी राहते, मला घरी भिंतीपलीकडेसुद्धा कोणी नाही, त्यामुळे रिकामं चाक म्हणजे काय ते मला कळतं. आणि एके दिवशी दुपारी पलीकडून हसू ऐकू आलं. चांगलं मोठं, मनापासून. मी हातातलं काम टाकून बाहेरून डोकावले. मुलगी खुर्चीवर, पाय लोंबकळत, डोळ्यावर झाकण. ते म्हणाले, "झेरॉक्सबाई, ऐकलंत? दोन्ही डोळे शेवटच्या ओळीपर्यंत! सहा बाय सहा!" त्या दिवशी तिचा सातवा वाढदिवस होता. मला इतकं बरं वाटलं की मी तिला रंगीत कागदांचा आख्खा गठ्ठा देऊन टाकला. त्यांनी एक कार्ड काढलं, तारीख घातली, उजवा सहा बाय सहा, डावा सहा बाय सहा. मग दर वाढदिवसाला तेच. तपासणी, हसू, कार्डावर एक ओळ.

शाळेत एकदा डॉक्टर आले होते डोळे तपासायला. रांगेत हिचा नंबर आला तेव्हा म्हणाले, "चष्मेवाल्यांची ना तू? तुझं काय बघायचं, जा." हे तिनेच मला येऊन ऐटीत सांगितलं होतं.

विसाव्या वर्षी ती माझ्या काउंटरवर एक जाहिरात घेऊन आली. हवाई दलात वैमानिक पाहिजेत, मुलींनीही अर्ज करावा. कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. हळू आवाजात म्हणाली, "मावशी, फॉर्म भरून द्या. बाबांना इतक्यात नका सांगू."

मी फॉर्म भरण्याच्या धंद्यात आहे आणि मला फॉर्म भरणाऱ्यांचा मनस्वी कंटाळा आहे. लोक स्वतःच्या जन्मतारखेत चुकतात. ही मात्र सगळं पाठ करून आली होती. मी तिला पडद्यासमोर बसवून फोटो काढला. कॉम्प्युटरवर तो येतोय तोच भिंतीपलीकडून आवाज आला, "कान दिसायला हवेत म्हणावं फोटोत. केस मागे घे."

आम्ही दोघींनी वर भिंतीकडे बघितलं. मग मला हसू फुटलं, आणि तिलाही. भिंत दोन्ही बाजूंनी सारखीच पातळ आहे हे आम्ही विसरलो होतो. ही गोष्ट मी पुढेही एकदा विसरले, तेव्हा मात्र हसू आलं नाही.

पुढचे दोन महिने चार वाजताच्या चहाला मी पलीकडचा हिशेब ऐकत होते. तो हिशेब पैशांचा नव्हता. ते एक एक प्रश्न विचारायचे, जणू पेटीतलं एक एक भिंग बदलून बघतायत.

"किती वर्षं बांधून घेतात?"

"चौदा. पुढे वाढवता येतात."

"राहायचं कुठे?"

"पाठवतील तिथे. दोन-तीन वर्षांनी बदली."

"सुट्टी?"

"असते. मिळेल तेव्हा."

"बरोबरीच्या मुली?"

"शंभरात पाच-सहा असतील."

मग बराच वेळ कपबशीचा आवाज. मग, "आणि विमानात एकटीनेच बसायचं?"

"आधी मागे शिकवणारा असतो. मग एकटीने." आणि थोड्या वेळाने, "बाबा, मला तेच हवंय. एकटीने. मी लहानपणापासून कुणाच्या तरी दुकानात बसलेय."

हे बोलणं त्यांना लागलं असणार. मला तर लागलंच. ती बाहेर गेल्यावर चाक नुसतंच फिरत राहिलं. तिने जावं असं त्यांना वाटत नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. पण त्यांनी एकदाही नको म्हटलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी टेप घेतला आणि तिचं माप काढलं: उभी उंची, बसल्यावरची उंची, कमरेपासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून टाचेपर्यंत. विमानात बसायला पाय ठरावीक मापाचे लागतात, अर्धा सेंटिमीटर कमी-जास्त झालं तरी घरी पाठवतात. "बसतंय," म्हणाले. "सगळं मापात आहे." आणि एका चाचणीबद्दल तिने सांगितलं. हातात दांडा, पायाखाली पट्ट्या, समोर ठिपका, तो चौकटीत धरून ठेवायचा. ती चाचणी जन्मात एकदाच देता येते. नापास झालात की पुन्हा कधीच नाही. ते म्हणाले, "एकदाच? हे काय बरोबर नाही. आमच्याकडे माणसाला दहा वेळा विचारतात."

ती लेखी पास झाली. ती एकदाच मिळणारी चाचणी पास झाली. मुलाखतही झाली. प्रत्येक वेळी पत्र आलं की मी फुकट झेरॉक्स काढून दिली आणि तिने ती लॅमिनेट करायला लावली. शेवटी राहिली वैद्यकीय तपासणी. चष्मेवाल्यांनी आपल्या दुकानाच्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलं, दोन्ही डोळे सहा बाय सहा, आणि खाली शिक्का मारला. असा कागद कोणी मागितला नव्हता. पण ती घेऊन जाणार म्हणाली.

निघायच्या आदल्या दिवशी, सकाळी, कंपनीचा माणूस नवा तक्ता देऊन गेला. जुना पिवळा पडला होता, कडा दुमडल्या होत्या. चष्मेवाल्यांनी खिळे काढले, नवा लावला, आणि मग मला ऐकू आलं, "ये ग, बस. नव्या तक्त्याची सुरुवात तुझ्यापासून."

मी एका मुलाच्या दाखल्यांच्या प्रती काढत होते. उजवा डोळा झाला. खडाखड वाचलं तिने, नवा तक्ता असूनही. मग झाकण दुसऱ्या डोळ्यावर. वरच्या ओळी आल्या, मधली एक जरा अडखळत आली. मग ती थांबली. आणि मग तिचा आवाज आला, सवयीचा, एका सुरातला:

"त, ग, प, न, र, म, ल, क."

चष्मेवाले हसले. "अगं, ती जुन्यातली. चेष्टा पुरे, समोर बघून वाच."

पलीकडे खुर्ची करकरली.

"वाच ना."

"बाबा, खालच्या तीन ओळी नुसत्या रेघा दिसतायत."

मी मशीन बंद केलं. तो दाखलेवाला मुलगा काहीतरी विचारत होता, त्याला मी हातानेच गप्प बसवलं. पलीकडे पेटीचं झाकण उघडलं. "आधीचं बरं की आत्ताचं?" "सारखंच." "आता?" "सारखंच." एक एक भिंग लागत होतं आणि निघत होतं. मग त्यांनी ती काळी चकती लावली असावी, मधे टाचणीएवढं भोक असलेली. तिचं मला त्यांनी एकदा समजावून सांगितलं होतं. डोळ्याला फक्त नंबर असेल तर त्या भोकातून साफ दिसतं, मग चष्म्याने काम होतं. भोकातूनही दिसलं नाही, तर दुखणं आणखी आत आहे.

"आता?" त्यांनी विचारलं.

"तेवढंच."

"नीट बघ. भोकातून बघ."

"तेवढंच दिसतंय, बाबा."

 पलीकडे चकती पेटीत परत पडल्याचा आवाज आला. मग ती बोलली, आणि ती वेगळ्याच आवाजात, घाईघाईने. "तिकडे कोणता तक्ता असतो? तुम्हाला सगळे माहीत आहेत. दोन-तीनच कंपन्या आहेत ना? मला आज सगळे पाठ करून द्या. मी करते. उद्या सकाळपर्यंत करते."

आणि ते खरंच होतं. ते सगळे तक्ते त्यांना पाठ होते. जगात तिला त्या दिवशी पास करू शकणारा एखादा माणूस असेल तर तो तिच्या शेजारीच उभा होता. मी श्वास धरून ऐकत होते आणि, खोटं कशाला बोलू, मला वाटत होतं की त्यांनी शिकवावं.

"विमानात तक्ता नसतो, बाळ," ते म्हणाले.

"मग इतकी वर्षं तुम्ही काय बघत होतात?"

खुर्ची सरकली, ती माझ्या दारावरून गेली, माझ्याकडे न बघता.

त्या संध्याकाळी चष्मेवाले माझ्या दुकानात आले. ते कधी येत नाहीत, बोलायचं ते भिंतीवरूनच बोलतात. काउंटरवर दोन्ही हात टेकून उभे राहिले. माझ्याकडे लॅमिनेशनचा वास होता आणि तीन गिऱ्हाइकं होती. ती जाईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "तो डोळा आळशी आहे. जन्मापासून असणार. चांगला डोळा सगळं काम करतो, मग हा शिकतच नाही."

"उपाय?"

"आहे ना. चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायची. आळशाला कामाला लावायचं. सहा महिने, फार तर वर्ष. पण वयाच्या सात-आठच्या आत. नंतर फारसं काही होत नाही." थोडं थांबून म्हणाले, "मी दोनशे पोरांना ती पट्टी लावलीय, झेरॉक्सबाई. शेजारच्या गल्लीतून यायची पोरं. तुम्ही त्यांना लिमलेटच्या गोळ्या द्यायचात."

द्यायचे. एका डोळ्यावर पट्टी लावलेली, समुद्री चाच्यांसारखी मिरवणारी पोरं. आणि तेव्हा तीही तिथेच स्टुलावर बसलेली असायची.

"तिला हे सांगू नका," ते म्हणाले. "तिला वाटू दे की उपाय नव्हताच." मी मान हलवली. मला स्वतःचाच राग येत होता, की मीही तिच्या उड्यांना हसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली, पाठीवर पिशवी. बस अकराची होती. कागदांच्या प्रती हव्या होत्या. पलीकडे चाक सुरू होतं, कोणाची तरी काच घासली जात होती.

"जाणार आहेस?" मी विचारलं.

"जाते. त्यांनी तपासायच्या आधी मीच सांगणार आहे. जमिनीवरच्याही नोकऱ्या असतात, त्यासाठी तरी नाव राहील." कागद सारखे करत होती. मग एकदम म्हणाली, "मावशी, मी काल बाबांना उगाच बोलले. त्यांची काही चूक नाही. मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"की डाव्याने कमी दिसतं. लहानपणापासून. मला वाटायचं सगळ्यांचंच तसं असतं. डावा हात जसा कच्चा असतो, तसा डावा डोळा."

पलीकडचं चाक थांबलं.

मला ते ऐकू आलं, तिला नाही, ती खाली मान घालून बोलत होती. मी झेरॉक्सचं बटण दाबलं, आवाज व्हावा म्हणून. मेलं मशीन गरम व्हायला दीड मिनिट घेतं. मी तिच्यासमोर हात हलवला, भिंतीकडे बोट केलं, तिने वरच बघितलं नाही.

"सातव्या वाढदिवसाला त्यांनी मला खुर्चीवर बसवलं ना, तेव्हा उजव्याने सगळं वाचलं. डाव्याने वाचताना अडले. तर आरशात बाबांचा चेहरा दिसला. आई गेली तेव्हा झाला होता तसाच. मला भीती वाटली. ओळ मला पाठच होती, मी म्हणून टाकली. आणि ते हसले, मावशी. वर्षभरात पहिल्यांदा. मग पुढच्या वर्षी कशी नाही म्हणणार? दर वर्षी हसायचे."

"आणि फॉर्म भरलास तेव्हा? त्यात डोळ्यांचं लिहिलेलं होतं की."

"वाचलं. पण म्हटलं, बाबा इतकी वर्षं सहा बाय सहा लिहितायत. त्यांना कळत नाही तर कुणाला कळणार? मला दिसत नसेल ते माझं चुकत असेल." तिने नाक पुसलं. "त्यांना नका सांगू हे. त्यांना वाटेल त्यांच्यामुळे झालं."

मग मशीन सुरू झालं. आता त्याचा काही उपयोग नव्हता. तिने प्रती घेतल्या, पिशवीत घातल्या, आणि पलीकडे जाऊन दारातून म्हणाली, "बाबा, निघते." आतून आवाज आला, "डबा घेतलास?" बस्स, एवढंच. मी बाहेर येऊन बघितलं तर ते दुकानाच्या आतल्या टोकाला उभे होते, भिंतीकडे तोंड करून, आणि हातातली काच फडक्याने पुसत होते. ती वळणावर दिसेनाशी झाली तरी पुसत होते.

तिने तिथे खरं सांगितलं. त्यांनी तपासलं आणि उडायला अपात्र असं लिहून दिलं. दीड महिन्याने दुसरं पत्र आलं, की विमानांना जमिनीवरून वाट दाखवण्याच्या कामासाठी विचार करू शकतो, हो की नाही ते कळवा. आठ दिवस ती ते पत्र घेऊन हिंडत होती. मी तिला म्हटलं, ज्यांना उडता येतं त्यांच्याकडे जन्मभर खालून बघत बसशील, जमेल का? ती म्हणाली, तेच तर ठरत नाहीये. एका दुपारी पलीकडून त्यांचा प्रश्न ऐकू आला, दोन महिन्यांत पहिल्यांदा तो जुना सूर. "इथलं बरं की तिथलं?"

"तिथलं," ती म्हणाली. "थोडंसंच. पण तिथलं."

"थोडं पुरतं," ते म्हणाले. आणि ती गेली.

ती गेल्यापासून पलीकडे दोन माणसांची जागा एक माणूस वापरतो. स्टूल अजून तिथेच आहे, त्यावर फ्रेमांचे खोके असतात. चहा चार वाजता येतो, एकच कप. एकदा मी भिंतीवरून म्हटलं, "चष्मेवाले, आज उकाडा फार आहे." बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "हो." त्या सकाळचं तिचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांना. पण तो विषय आमच्यात कधी निघाला नाही. ती मधे फोन करायची तेव्हा ते हवामानाचं बोलायचे, तिला त्यातलं आता त्यांच्यापेक्षा जास्त कळतं.

तेव्हापासूनच ते भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. त्यांना वाटतं आरशात आपला चेहरा दिसता कामा नये. तक्ते पाच आणून ठेवलेत, रोज सकाळी बदलतात. पण तक्त्यांपेक्षा ते स्वतःच्या चेहऱ्याला घाबरतात, हे त्या कुरकुरणाऱ्या आयांना मी कसं सांगू?

गेल्या महिन्यात ती सुट्टीवर आली. दोन वर्षांत पहिल्यांदा वाढदिवसाला घरी. केस आखूड कापलेत, बोलणं तुटक झालंय, जणू प्रत्येक शब्द कुणीतरी टिपून घेतंय. दुपारी दुकानात आली आणि खोके न हलवता सरळ तपासायच्या खुर्चीवर बसली.

"कार्डावर दोन वर्षं रिकामी आहेत," ती म्हणाली. "बघा ना."

मी माझं मशीन बंद केलं. यावेळी कोणतंही निमित्त केलं नाही, बाहेर गेले आणि त्यांच्या दारात उभी राहिले. त्यांनी उजव्या डोळ्यावर झाकण लावलं, दोन पावलं मागे गेले आणि फ्रेमांच्या कपाटाकडे तोंड केलं. "वाच," म्हणाले.

ती वाचेना. आरशात बघत होती. आरशात तक्ता होता, आणि त्याच्या बाजूला तिच्या बापाची पाठ आणि मानेवरचे पांढरे केस.

"असं का उभे राहिलात?" तिने विचारलं.

"असंच. सवय."

तिने झाकण काढलं. एकदा आरशाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मग भिंतीवरच्या त्या हातभर उघड्या जागेकडे. तिथून ट्यूबलाइटचा उजेड माझ्या दुकानात पडत होता. तिला कळलं. ते कळताना मी तिचा चेहरा पाहिला आणि मला तिथून निघून जावंसं वाटलं.

"बाबा," ती म्हणाली, "इकडे तोंड करा."

"वाच तू."

"तोंड इकडे केल्याशिवाय नाही वाचणार."

ते वळले. आरशात दोघं एकमेकांना दिसले. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. तिने झाकण पुन्हा उजव्या डोळ्यावर धरलं आणि वाचायला लागली, एक ओळ, दुसरी, तिसरी, चौथी अडखळत. मग थांबली. आरशातून त्यांच्याकडेच बघत होती.

"इथून पुढे मला दिसत नाही," ती म्हणाली.

"नाही ना?" ते म्हणाले. आवाज फुटत होता.

"नाही. कधीच दिसत नव्हतं."

त्यांनी मान हलवली. डोळे भरून आले होते, पण ते हसले. जोरात नाही. मी बावीस वर्षं ऐकलेलं ते हसू नव्हतं, हे आवाज नसलेलं होतं, भिंतीपलीकडून ते मला कधीच ऐकू आलं नसतं. मग खणातून कार्ड काढलं. चौदा ओळींखाली तारीख घातली. उजवा, सहा बाय सहा. डावा, आणि पेन जरा थबकलं, मग खरा आकडा लिहिला.

ती पाचच्या बसने गेली. संध्याकाळी एक बाई मुलाला घेऊन त्यांच्याकडे आली. मी माझ्या जागेवर होते. "वाच," असा आवाज ऐकू आला, आणि पाठोपाठ, जरा थांबून, "दिसत नसेल तर दिसत नाही म्हण, काय? मला चालतं." ते भिंतीकडे तोंड करून उभे होते की नव्हते, हे बघायला मी गेले नाही.